तापीकाठची सायकल आणि समुद्राची वाट

भुसावळजवळून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ पश्चिमेकडे जळगाव, धुळे, नवापूर करत सुरतेजवळच्या हजिऱ्याला समुद्रापाशी पोहोचतो. तापीही तिकडेच निघालेली असते. मुलताईला उगम पावून ७२४ किलोमीटरांनंतर ती खंबातच्या आखाताला मिळते. तरीही खानदेशात सायकलवरून लांबच्या भ्रमंतीचा विषय निघाला की समुद्र कोणाच्या हिशोबात नसतो. गिअरच्या सायकली आता भुसावळ, जळगाव, धुळ्यात नव्या राहिलेल्या नाहीत आणि पहाटे हायवेला हेल्मेट घातलेली मंडळी दिसतात. पण कॅरिअरला दोन्ही बाजूंनी पिशव्या बांधून आठ-दहा दिवस डोंगर आणि किनारा फिरणारे अजून विरळाच. असा प्रवास म्हणजे स्पेन, इटली, दक्षिण फ्रान्स, अशी एक समजूत पक्की झाली आहे. ती कितपत खरी, आणि तिथे जे आहे त्यातले इथे काय आहे, हे नीट तपासून पाहण्यासारखे आहे.

भूमध्य समुद्राचा उत्तर किनारा सायकलस्वारांना का ओढतो, हे नकाशावरच दिसते. लिगुरियाच्या पाठीशी अपेनाइन, नीसच्या मागे आल्प्सची शेपटे, मायोर्का बेटावर त्रामुंतानाची रांग. कॉर्सिका तर जवळजवळ सगळेच डोंगर. सकाळी पाण्याकाठी, दुपारी हजार मीटरवर आणि संध्याकाळी पुन्हा खाली, असा दिवस तिथे सहज जमतो. मायोर्कातल्या सा कालोब्राचा रस्ता १९३२ साली अंतोनिओ परिएत्ती या अभियंत्याने आखला. साडेनऊ किलोमीटरांत तो पावणेसातशे मीटरच्या आसपास उतरतो, एके ठिकाणी वळसा घेऊन स्वतःच्याच खालून जातो आणि समुद्रापाशी संपतो. परतीला दुसरा रस्ता नाही. उतरले तेवढे चढावेच लागते. तरी हंगामात तिथे सायकलींची रीघ असते.

नुसत्या डोंगर-पाण्यावर मात्र हे उभे राहिलेले नाही. कादिझपासून निघून भूमध्य किनाऱ्याने पूर्वेकडे जाणारा ‘युरोव्हेलो ८’ हा सुमारे साडेसात हजार किलोमीटरांचा सायकलमार्ग अनेक देशांनी मिळून आखला आहे. तो सगळीकडे सारखा चांगला नाही. काही तुकडे साध्या रहदारीच्या रस्त्यांवरूनच जातात. पण कुठे वळायचे याची पाटी आणि नकाशा हाताशी असतो. लिगुरियात २००१ साली किनाऱ्यालगतची एकेरी रेल्वे आत हलवली गेली आणि मोकळ्या झालेल्या जुन्या मार्गावर ओस्पेदालेत्ती ते सान लोरेंझो अशी २४ किलोमीटरांची सायकलवाट झाली. जुने बोगदे तसेच ठेवून त्यात दिवे लावले. स्पेनने १९९३ पासून बंद पडलेल्या लोहमार्गांच्या अशाच ‘हिरव्या वाटा’ करायला घेतल्या; त्या आज तीन हजार किलोमीटरांहून जास्त आहेत. आणि सगळ्यात मोठी सोय म्हणजे प्रादेशिक गाड्या. इटलीत सायकलीचे वेगळे तिकीट काढायचे, सायकलीचे चित्र असलेल्या डब्यात ती आपल्या हाताने चढवायची आणि हव्या त्या स्टेशनावर उतरवायची. थकवा, पाऊस, मोडलेला स्पोक, काहीही झाले तरी पुढचे स्टेशन जवळ असते. या भरवशावर साठीतली माणसेही सहज निघतात.

गिअरचा इतिहासही याच प्रदेशाच्या आसपासचा आहे. सेंत-एतियेनचे पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०) ‘वेलोसिओ’ या टोपणनावाने लिहीत. शर्यतवाले एकाच गिअरवर अडून बसले होते, तेव्हा डोंगरात फिरायचे तर गिअर बदलता आलाच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. तूर द फ्रान्सने साखळी सरकवणारे गिअर स्वीकारले ते १९३७ साली. म्हणजे आज घाटात आपला जीव वाचवणारी वस्तू शर्यतीच्या आधी हिंडणाऱ्यांनी आपलीशी केली. भूक लागायच्या आधी खावे, तहान लागायच्या आधी प्यावे, ही वेलोसिओंची शिकवण तापीखोऱ्यात तर अक्षरशः पाळावी अशी आहे.

तिथे सगळे आलबेल आहे असेही नाही. जुलै-ऑगस्टमध्ये किनाऱ्याचे रस्ते मोटारींनी तुंबतात आणि ऊन सोसत नाही. जाणते लोक वसंतात किंवा सप्टेंबरनंतर जातात. २०१८ साली वयाच्या विशीत सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा केलेल्या वेदांगी कुलकर्णीने १५९ दिवसांत २९ हजार किलोमीटर पार केले. त्या प्रवासात तिला चाकूच्या धाकाने लुटले गेले ते स्पेनमध्ये.

आता आपल्याकडे पाहू. महाराष्ट्राचा किनारा जुन्या मोजणीप्रमाणे ७२० किलोमीटरांचा, आणि त्याच्या मागे पन्नासेक किलोमीटरांवर सह्याद्रीची भिंत. रचना तीच. किंबहुना कोकणची वाट भूमध्य किनाऱ्यापेक्षा पायांना जास्त दमवते. इथे रस्ता पाण्याकाठाने सलग जात नाही. गाव खाडीत, खाडीतून वर जांभ्याचा सडा, सड्यावरून पुन्हा पुढच्या खाडीत. प्रत्येक चढ शंभर-दीडशे मीटरांचा, पण असे दिवसाला सहा-सात आले की संध्याकाळी एखादा मोठा घाट चढल्याएवढी बेरीज होते. पुण्या-मुंबईचे सायकलस्वार ‘किनारा म्हणजे सपाट’ अशा समजुतीने येतात आणि हर्णैच्या पुढे पहिल्या दिवशीच हिशोब बदलतात.

या वाटेची खरी चैन म्हणजे फेरीबोटी. आगरदांडा ते दिघी, वेसवी ते बागमांडला, दाभोळ ते धोपावे, जयगड ते तवसाळ. मोटारींच्या बाजूला सायकल कठड्याला टेकवायची, पंधरा-वीस मिनिटे वारा खायचा आणि पलीकडच्या धक्क्यावर उतरायचे. गाडीरस्त्याने हाच वळसा कित्येक किलोमीटरांचा पडतो. मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाल्यापासून तर पनवेल-पेणची गर्दी टाळून थेट अलिबागच्या बाजूला उतरता येते.

रेवस ते रेडी या सागरी महामार्गाची कल्पना बॅ. अ. र. अंतुले यांच्या काळातली, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. सुमारे पाचशे किलोमीटरांचा हा रस्ता आजही तुकड्यातुकड्यांनी आहे: कुठे छान डांबरी, कुठे गावातून दोन गाड्या जेमतेम मावतील असा, कुठे खाडीपाशी थांबलेला. आता खाड्यांवर मोठे पूल बांधण्याचे काम हाती घेतले आहे. कोकणातल्या माणसाला दवाखाना, कॉलेज, बाजार जवळ येणार, म्हणून पूल हवेतच. पण सायकलच्या दृष्टीने एक गोष्ट आत्ताच बोलायला हवी. पूल झाले की वेगाची वाहने या रस्त्याला लागतील, आणि आज जो रस्ता रिकामा म्हणून गोड वाटतो तो तसा राहणार नाही. पुलांच्या आराखड्यात कडेला दीड-दोन मीटरांची सायकलपट्टी धरणे आत्ता सोपे आहे. पूल उभे राहिल्यावर ते कोणी करत नाही. मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण २०११ पासून रखडत चालले आहे. तो रस्ता सायकलीसाठी कोणी सुचवू नये.

घाटांचे म्हणाल तर निवड भरपूर आहे. पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी चाळीसेक किलोमीटरांत जवळपास समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरवर नेतो. उंचीच्या हिशोबात तो सा कालोब्राच्या दुप्पट. गगनबावड्याहून करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट फुटतात, त्यामुळे एकाने उतरून दुसऱ्याने चढता येते. आंबोली ६९० मीटरवर, चढ सोसेल असा. मात्र आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि दरडी कोसळतात. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबेनळीचा रस्ता जागोजागी खचला होता. पावसाळी घाट फोटोत सुंदर दिसतो. लोडेड सायकलीला ओल्या उतारावर रिमब्रेक पुरत नाहीत, डिस्कब्रेकलाही जपून हात लावावा लागतो. भूमध्याचा उन्हाळा कोरडा आणि हिवाळा पावसाळी, आपले नेमके उलटे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने कोकण आणि खानदेश दोन्हीकडे सायकलीचे. युरोप तेव्हा गारठलेला असतो, आणि इकडे परदेशी सायकलस्वार का येत नाहीत, हा प्रश्न पर्यटन खात्याने स्वतःला विचारावा असा आहे.

त्याचे निम्मे उत्तर भुसावळच्या स्टेशनात सापडते.

भुसावळ हे विभागीय मुख्यालय आणि मोठे जंक्शन. मुंबईकडून आलेला मार्ग इथून नागपूरकडे आणि खंडवा-इटारसीकडे फुटतो. सुरतचा फाटा शेजारी जळगावला. आणि फार थोड्या सायकलस्वारांच्या लक्षात येणारी गोष्ट म्हणजे हजरत निजामुद्दीन–एर्नाकुलम मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस भुसावळला थांबते आणि कल्याण-पनवेलवरून कोकण रेल्वेला लागून रत्नागिरीला जाते. गाडी न बदलता तापीकाठचा माणूस आरे-वारेच्या समुद्रासमोर उभा राहू शकतो. रत्नागिरीहून उत्तरेला गणपतीपुळे, मालगुंड, जयगड, बोटीने तवसाळ, मग हेदवी, गुहागर. दक्षिणेला भाट्ये, पावस, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, मालवण. भूमध्याच्या तोडीची आठवडाभराची सहल एका रात्रीच्या प्रवासावर आहे.

अडचण सायकलीची आहे. रेल्वेच्या नियमात स्लीपरच्या प्रवाशाला ४० किलो सामान मोफत, पण सायकल त्यात धरत नाहीत. डब्यात न्यायच्या पेटीची मापे १०० × ६० × २५ सेंटिमीटर. उभी सायकल त्यात बसण्याचा प्रश्नच नाही. म्हणून ती पार्सल ऑफिसात न्यायची. तिथे पहिली खबरदारी ‘लगेज’ म्हणून बुक करण्याची. प्रवासाचे तिकीट दाखवून लगेज केले तर सायकल त्याच गाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये चढते. ‘पार्सल’ केले तर ती मागच्या कोणत्या गाडीने येईल सांगता येत नाही. गाडीच्या निदान तासभर आधी पोहोचायचे. पेडल काढायचे, हँडल आडवे फिरवून फ्रेमला बांधायचे, मागचा डिरेलर पुठ्ठ्यात गुंडाळायचा, कारण वाकतो तो तोच. साऱ्यावर गोणपाट, आणि नाव, कुठून-कुठे, पावती क्रमांक लिहिलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी दोन ठिकाणी. हमालाला सायकलीवर दुसरे काही ठेवू नका म्हणून स्वतः सांगायचे. भुसावळला गाडी बरीच थांबते म्हणून चढवणे निभते. खरी धाकधूक उतरताना: स्टेशन लहान, थांबा दोन मिनिटांचा, ब्रेकव्हॅन गाडीच्या टोकाला, आणि आतल्या गाठोड्यांत आपली सायकल कितवी कोणास ठाऊक. त्यामुळे पुष्कळ जण चाके, फोर्क सोडवून सायकल पिशवीत भरतात आणि बर्थखाली सरकवतात. जपानमध्ये ही रीत सर्रास चालते. आपल्याकडे मात्र ती तिकीट तपासनिसाच्या मर्जीवर.

कोकण रेल्वे जानेवारी १९९९ पासून कोलाड ते वेर्णा अख्खे भरलेले ट्रक वाघिणींवर चढवून नेते. ज्या मार्गाने ट्रक ठरलेल्या दराने आणि विनातक्रार जातो, त्याच मार्गावर पंधरा किलोच्या सायकलीला हक्काची जागा नसावी, हे पटण्यासारखे नाही. एकेका गाडीत चार-सहा सायकली अडकवायचे हूक असलेला अर्धा डबा, ऑनलाइन तिकीट आणि मोठ्या स्टेशनांवर खात्रीने उतरवून देण्याची सोय, एवढ्यावर हा प्रश्न सुटतो. हिंडायला रस्ते नाहीत ही तक्रार दुय्यम आहे. पहिली तक्रार सायकल रस्त्यापर्यंत पोहोचत नाही ही आहे. प्रयोग करायचाच तर भुसावळसारखे दुसरे ठिकाण शोधून सापडणार नाही.

पण समुद्राची वाट बघत बसण्याचे कारण नाही. खानदेशालाच एक ‘किनारा’ आहे, फक्त पाण्याचा नाही. बऱ्हाणपूरहून अंकलेश्वरकडे जाणारा महामार्ग सातपुड्याच्या पायथ्याला धरून रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा असा जातो. पश्चिमेकडे तोंड केले की उजव्या हाताला सतत डोंगर, डाव्या हाताला तापीचे सपाट काळे रान. फैजपूर हे १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनाचे गाव, खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन. रावेर-यावलच्या पट्ट्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सायकलस्वाराच्या पोटाला याहून चांगले काही नाही, आणि इथे ते बागेच्या बांधावर मिळते.

या रस्त्यावरून उत्तरेला जिथे वळाल तिथे चढ सुरू होतो. सावद्याहून खिरोद्यामार्गे पाल. जळगाव जिल्ह्यातले हे थंड हवेचे ठिकाण एका सकाळीत गाठता येते. आडगावजवळ मनुदेवी, चोपड्याकडे उनपदेवचे गरम पाण्याचे झरे. १९६९ पासून अभयारण्य असलेल्या यावलच्या जंगलात नाक्यावर नोंद करूनच जावे आणि अंधाराच्या आत बाहेर पडावे. सगळ्यात मोठा चढ तोरणमाळचा. शहाद्याहून पन्नासेक किलोमीटर, म्हसावद-राणीपूरपर्यंत पाय गरम होतात, मग सातपायरी घाट सुरू होतो, आणि वर सुमारे १,१५० मीटरवर यशवंत तलाव. शहाद्यापासून हजार मीटरांची ही चढाई मायोर्कातल्या प्रसिद्ध चढाईपेक्षा तीनशे मीटरांनी जास्त आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेला लोक तिथे पायी चढतात. सायकलवाल्याने आपण काही अचाट केले असे मानू नये.

दक्षिणेला अजिंठ्याची रांग. भुसावळहून जामनेर-पहूर करत फर्दापूर आणि लेणी, हा दिवसाचा पल्ला. चाळीसगाव-कन्नडचा औट्रम घाट ऑगस्ट २०२१ मध्ये दरडींनी बंद पडला होता. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने तिथे अवजड वाहनांना बंदी झाली, आणि सायकलीसाठी तो घाट कितीतरी सुसह्य झाला. पायथ्याला पाटणादेवी, वर गौताळ्याचे जंगल आणि पितळखोरे. पाचोरा-जामनेरची ५६ किलोमीटरांची अरुंद ‘पीजे’ आता ब्रॉडगेज होणार आहे. गाडी हवीच. पण रूळ रुंद करताना शेजारून एक पायवाट-सायकलवाट आखली तर लेण्यांकडे जाणाऱ्याला ट्रकांच्या मधून जावे लागणार नाही.

खानदेशच्या अडचणीही खानदेशी आहेत. पहिली बाभूळ. बांधावरच्या काटेरी फांद्या बैलगाड्यांनी रस्त्यावर येतात आणि गिअरच्या पातळ टायरला एक काटा पुरतो. ट्यूबला ठिगळ लावून पुन्हा पंक्चर होते, कारण काटा टायरमध्येच राहिलेला असतो. जुने पंक्चरवाले त्यासाठी टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवतात. जिथे कापूस अडकून तंतू निघतो तिथे काट्याचे टोक. बोटाने चाचपून जे सापडत नाही ते कापूस दाखवतो. मग पक्कडीने काटा बाहेरून ओढायचा, ट्यूब घमेल्यात बुडवून बुडबुडे पाहायचे, कानशीने घासून सोल्युशन लावायचे आणि ते वाळू द्यायचे. हे कसब अंगी असल्याशिवाय सातपुड्यात जाऊ नये. दुसरी अडचण उन्हाची. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ अंशांपुढे जातो. तेव्हा दहाच्या आत सावली गाठायची. तिसरी मुक्कामाची. कोकणात घरगुती खानावळ आणि खोली गावोगाव मिळते. धडगाव-अक्राणीच्या बाजूला लॉज शोधून मिळत नाही. देऊळ, आश्रमशाळेचा वऱ्हांडा, ग्रामपंचायतीची खोली, असे विचारून राहावे लागते आणि आदिवासी पाड्यांवर कोणी नाही म्हणत नाही. म्हणूनच तिथे न विचारता फोटो काढणे आणि प्लास्टिक टाकणे जास्त बोचते.

मुक्कामाची आपली एक रीत मात्र तयार आहे. कोथळीहून निघणारी मुक्ताईची पालखी महिनाभर चालत पंढरपूरला जाते, आणि वाटेतल्या गावांना पाहुण्यांची सवय पिढ्यान्‌पिढ्या आहे. नाशिकचे सायकलस्वार सायकलवरून पंढरीची वारी करतात, ते याच पायंड्यावर. सायकलप्रवासाला लागणारे पाणी, पथारी आणि जेवण यांचे जाळे महाराष्ट्राला नव्याने शोधायचे नाही.

नाशिकने दुसरीही एक वाट दाखवली. डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी ‘रॅम’ शर्यत दोघांत मिळून नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. त्यानंतर उत्तर महाराष्ट्रात लांब पल्ल्याच्या सायकलिंगला जोर आला. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर ४० तासांत, अशा ब्रेव्हे राइड आणि त्यांची पदके आता अनेकांच्या घरात आहेत. दम आणि शिस्त यांची ती उत्तम शाळा आहे. पण घड्याळ लावून रात्रभर पेडल मारणारा माणूस चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर थांबत नाही, बऱ्हाणपूरच्या वेशीत शिरत नाही. आकडा मिळतो, मुलूख राहून जातो. भूमध्याकाठी हे दोन्ही प्रकार शेजारी नांदतात. आपल्याकडे पहिल्याचेच कौतुक होते, दुसऱ्याला अजून ‘रिकामपण’ समजतात.

आणि हे दोन्ही करणारे बहुतेक पुरुषच आहेत. सातपुड्याच्या पायथ्याला सायकलवर सर्वांत नियमाने दिसतात त्या शाळेच्या मुली. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. रोज सकाळी दोघी-तिघींच्या रांगेने, दप्तर कॅरिअरला, त्या पाड्यावरून मोठ्या रस्त्याला येतात. बारावी संपली की सायकल धाकट्या भावाकडे किंवा भिंतीला. शाळा-कॉलेजांनी हिवाळ्याच्या सुट्टीत याच सायकलींवर दोन दिवसांची सहल काढायची ठरवली, शिक्षिका बरोबर आणि सामानाला एक टेम्पो, तर यावलहून मनुदेवी किंवा शहाद्याहून प्रकाशा हे पल्ले त्यांना जड नाहीत. गिअरही लागत नाही. तापीचा घाट असलेले प्रकाशा आणि तोरणमाळची वाट एकाच शहाद्यातून फुटतात. पहिल्या वर्षी एक, दुसऱ्या वर्षी दुसरी.